बंदीतलं व्याज

हिमानी माझ्या धाकट्या बहिणीची, जमनाची मुलगी. पालघरजवळच्या माहीमच्या मांगेलआळीत वाढलेली. बाप पुंडलिक छोटी बोट चालवतो. जमना पालघरच्या बाजारात मासळी विकते. तिथे ती खाली फरशीवर पाट टाकून बसते आणि वरच्या बाजूच्या बायकांनी ओतलेलं पाणी दिवसभर तिच्या पायाखालून वाहतं.

दहावीत असताना हिमानीने आईसाठी कागदावर एक ओटा काढला. मागे उतार, खाली नाली, गुडघे दुखणार नाहीत एवढी उंची. जमनाने तो बाजारात दाखवला. शेजारची जयवंती म्हणाली, "बाजार आमाला इचारून बांदला आसता त आसाच बांदला आसता." पोरीने तेव्हाच ठरवलं, आर्किटेक्ट व्हायचं.

बारावीनंतर तिने प्रवेश परीक्षा दिली, आणि वसईकडच्या एका कॉलेजात पाच वर्षांच्या डिग्रीला नंबर लागला. पुंडलिकने महिकावती देवीला नारळ फोडला, आळीभर पेढे वाटले. बँक सात लाख द्यायला तयार झाली. शिक्षण चालू असेपर्यंत हप्ता भरावा लागणार नाही, असं साहेबाने सांगितलं, आणि पुंडलिकने त्याचा अर्थ आपल्या पद्धतीने लावला.

जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, समुद्र बंद. बोटी वर ओढून ठेवलेल्या असतात. डिझेल-बर्फासाठी व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली असते, पण त्या दोन महिन्यांत व्यापारी मागत नाही आणि व्याजही धरत नाही. नंतर मासळीतून वळती करून घेतो.

"पाच वर्सांची बंदी हाय गो," तो हिमानीला म्हणायचा. "बंदीत कोन मागतो?"

ती त्याच घरात वाढलेली. तिलाही तसंच वाटलं.

बँकेत सह्या करायच्या आधी ती माझ्याकडे सरावलीला आली. तिला आर्किटेक्टचं ऑफिस आतून बघायचं होतं. आमच्या शेजारणीची भाची उषा बोईसरला अशाच एका ऑफिसात आहे, डिग्री होऊन दोन वर्षं झाली. मी हिमानीला तिच्याकडे घेऊन गेले.

"ताई, तू दिवसभर काय काढतेस?"

"संडास," उषा हसत म्हणाली. "कारखान्यांचे संडास आणि वॉचमनची केबिन."

"आणि बंगले?"

"बंगले सर काढतात. मी त्यांच्या खिडक्या मोजते."

मग तिने स्वतःहूनच पगार सांगितला. अठरा हजार. "सुरुवातीला सगळीकडे असंच असतं गं. पुढे वाढतो, पण पुढे म्हणजे बरंच पुढे. लोन घेतेयस का?"

"हो, पण शिकेपर्यंत त्याला व्याज नाही."

"कोण म्हणालं? हप्ता नसतो. व्याज पहिल्या दिवसापासून चालू."

उषाने मोबाइलवरच हिशोब करून दाखवला. कॉलेज संपेपर्यंत सात लाखांचे सव्वानऊ होणार. सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला पंधरा हजारांच्या वर. हिमानीने मोबाइल तिच्या हातातून घेतला आणि आकडे पुन्हा घातले. उत्तर तेच आलं.

घरी आल्यावर ती जेवली नाही. मी देवाजवळ दिवा लावला, तेव्हा शेजारी येऊन बसली.

"मावशी, हाती तीन हजार उरतील. खोलीचं भाडंसुद्धा नाही सुटायचं. म्हणजे बाबांची बोटच फेडत बसणार."

"मग?"

"सिव्हिलचा डिप्लोमा करते. बारावीवर थेट दुसऱ्या वर्षाला घेतात. दोन वर्षांत सुटेन, एसटीने जाऊन-येऊन. डिग्रीचं पुढे बघू, माझ्या पैशाने."

बोलताना तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. मला वाटलं, पोर शहाणी निघाली. तिने बापाला फोन करून व्याजाचं तेवढं सांगितलं. डिप्लोमाचं मात्र समोर बसून सांगायचं होतं. "बाबांना फोनवर नाही झेपणार," म्हणाली. पलीकडून पुंडलिक नुसता "बरा" म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी माहीमला पोचलो. पुंडलिक खाडीकडेला बोटीला रंग लावत होता. आम्हाला बघून त्याने ब्रश डब्यात टाकला.

"झाला गो तुजा काम. आता व्याज चढनार नाय."

"म्हणजे काय केलंत?"

"सकालीच धर्मेशशेटकडे गेलो. उचल वाढवून घेतली. बँकेचा व्याज म्हैन्याच्या म्हैन्याला भरून टाकू." धर्मेश म्हणजे त्याला डिझेल-बर्फासाठी उचल देणारा व्यापारी.

जमना डबा घेऊन आली होती, ती तिथेच थांबली. "नि मासली?"

"मासली त्याच्याच काट्यावर घालायची. पाच वर्सं."

"नि भाव?"

"तो सांगंल तो."

"आवं, इचारायचा तरी व्हता!"

"कोनाला इचारू? पोरीला पायजे तेच त केला ना."

हिमानी म्हणाली, "बाबा, परत देता येईल ना? अजून हंगाम सुरू नाही झाला."

पुंडलिक हसला. तिला अजून लहानच समजत होता. "शेटच्या हातात नारल देऊन, सबूद देऊन घेतलीय. घेतलेली उचल बोट पान्यात जायच्या आदी परत केली, त बंदरात बोटीचा नाव जातो. मंग कुटलाच शेट डिजल देत नाय. अंकुश नि देवू काय खातील?"

अंकुश आणि देवू त्याच्या बोटीवरचे खलाशी. दोघांची घरं याच बोटीच्या वाट्यावर चालतात.

हिमानी माझ्याकडे बघत होती. मीच सांगावं असं तिला वाटत असावं. मी तोंड उघडलं, पण पुंडलिकच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की माझ्याने बोलवेना. आता डिप्लोमा करते म्हणून सांगितलं असतं, तरी मासळी पाच वर्षं धर्मेशच्याच काट्यावर जाणार होती. मग ती कशासाठी बांधली, हे तो आयुष्यभर स्वतःला विचारत बसला असता.

परतताना मी देवळात गेले. हात जोडले आणि काय मागावं तेच कळेना. पोरीला जाऊ दे म्हणू, की राहू दे?

सोमवारी पालघरच्या बँकेत मीही सोबत होते. साहेबाने कागद पुढे केले आणि हिमानीला विचारलं, "ताई, विचार केलाय ना नीट? पाच वर्षांचा कोर्स आहे. मध्येच सोडला तर लगेच फेड सुरू होते."

"पोर हुशार हाय," पुंडलिक मध्येच बोलला. "ती कशाला सोडंल?"

"मी त्यांना विचारतोय."

हिमानीने पेनाचं टोपण काढलं. तिला हेच शिकायचं होतं. तीन वर्षं तिने देवीकडे दुसरं काही मागितलं नव्हतं, मला माहीत आहे.

"केलाय," ती म्हणाली, आणि साहेब बोट ठेवेल तिथे सह्या करत गेली. शेवटच्या पानावर सहकर्जदार म्हणून बापाची सही हवी होती. तिने कागद त्याच्याकडे सरकवला आणि कुठे करायची ते त्याला दाखवलं.