युनूसभाईंच्या चार गोगलगायी

युनूसभाई दुकानातून आले की आधी हात धूत. धूत म्हणजे कोपरापर्यंत, साबण लावून, तीन-तीनदा, आणि नखं जुन्या ब्रशनं घासून. त्याशिवाय आतल्या खोलीत पाय नाही. जळगावात त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारींना नवी तांब्याची तार भरून द्यायची, हा धंदा. आमच्या दोघांच्या घरांत एकच भिंत, आणि त्यांची मोरी माझ्या ओट्यावरून दिसे. त्यांची बायको, जुबेदाभाभी, अंथरुणाला खिळल्यानंतर हे धुणं सुरू झालं होतं, म्हणून मला वाटलं माणूस नमाजाला लागला. दुसऱ्याच्या देवधर्मात नाक खुपसू नये, म्हणून विचारलं नाही. अडतीस वर्षं वर्गात ‘शंका विचारा रे’ म्हणून पोरांच्या मागे लागलेली मी मास्तरीण, आणि नेमकी हीच शंका विचारायची राहिली.

जुबेदाभाभींना अर्धांगवायू झाला होता. मान वळत नव्हती, बोलणं चार शब्दांवर आलं होतं. दिवसभर समोरची भिंत बघायची, एवढंच. भाभींनी समुद्र पाहिला नव्हता. लेकीच्या लग्नानंतर मुंबईला जाऊ म्हणत होते, आणि लग्नाच्या वर्षीच हे झालं. मग युनूसभाईंनी समोरच्या भिंतीशी काचेची मोठी टाकी बसवली. खास मीठ, समुद्रातले दगड, त्यावर उगवलेली जांभळी-हिरवी प्रवाळं, सगळं मुंबईहून मागवलं. आधी मासे आणले, पण भाभींची नजर त्यांच्यामागे धावू शकेना. डोळ्यांतून पाणी यायचं. तेव्हा समुद्री गोगलगायी आल्या. “अक्का, मासा पयस, गोगलगाय चालस,” युनूसभाई मला म्हणाले. ते मूळचे भडगावचे, लहर आली की माझ्याशी अहिराणीत बोलत. “जुबेदानी नजर आते तिना मांगे जाई सकस.” खरंच होतं. एक गोगलगाय काचेच्या या टोकाहून त्या टोकाला जाईस्तोवर भाभींची दुपार सरायची.

पण जळगावच्या उन्हात समुद्र जगवायचा म्हणजे खायचं काम नाही. मे महिन्यात आपलीच कातडी सोलून निघते, त्या बिचाऱ्या गोगलगायींचं काय? पाणी गार राहावं म्हणून युनूसभाईंनी टाकीवर छोटा पंखा बसवला. पंख्यानं पाणी भराभर उडायला लागलं, आणि समुद्राच्या टाकीत खारंच पाणी हवं म्हणून ते वरून मिठाचं पाणी घालत राहिले. पहिल्या सगळ्या मेल्या. उडतं ते पाणी, मीठ खालीच राहतं, हे त्यांना तेव्हा कळलं. त्या दिवशी ते माझ्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, “अक्का, ह्या माझ्या हातानं मेल्या. तिला मी तसंच सांगितलं.” मी म्हटलं, अहो, आजारी बाईला कशाला सांगायचं? दुसऱ्या आणून सोडायच्या, तिला काय कळतंय! तर माझ्याकडे असे बघायला लागले की मीच वरमले. “जयेल मोटरले चालू शे म्हनी सांगानं नही,” ते म्हणाले. दुकानातही हेच, जळालेल्या मोटारीला चालू आहे म्हणायचं नाही. गिऱ्हाईक कितीही रडो, मोटर गेली म्हणजे गेली.

मग नव्या आल्या. सलाइनच्या नळीनं पिशवीत टाकीचं पाणी थेंब-थेंब सोडत तीन तास हा माणूस उकिडवा बसला होता, त्यांना हळूहळू सवय व्हावी म्हणून. एखादी उताणी पडली की तिला स्वतःहून उलटता येत नाही, म्हणून दुकानातून दुपारी दोनदा घरी यायचं, प्लास्टिकच्या पळीनं सुलटी करायची. मी चिडवायचे, “युनूसभाई, सुनेचंही इतकं कोणी करत नाही हो!” ते हसायचे. भाभी गेल्या तेव्हा टाकीत चार गोगलगायी होत्या. चारही भाभींनी पाहिलेल्या. युनूसभाई म्हणाले, “हिचं बघणं अजून यांच्या अंगावर आहे, अक्का.” गंभीर झाले की ते माझ्याशी असं पुस्तकी मराठी बोलत. त्यानंतर त्यांनी एकही नवी आणली नाही. या चार मात्र जगल्या पाहिजेत, एवढा एकच ध्यास.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचं हृदय दगा द्यायला लागलं. लेक नसरीन धुळ्याला दिलेली, तिनं येऊन त्यांना तिकडच्या दवाखान्यात नेलं. रिक्षात बसता बसता किल्ली माझ्या हातात दिली. “अक्का, रोज टाकीवरच्या खुणेपर्यंत गोडं पाणी घाला. जारमधलं. मीठ नको. आठ दिवसांत येतो.” एवढं सांगितलं आणि गेले.

आठाचे पंधरा झाले. जार संपले, आणि पाणी गाळून देणाऱ्याचा बोअर आटला. नळाला पाणी आठवड्यातून एकदा. आता काय करायचं? माझ्या सासूचा तांब्याचा हंडा आहे, चिंच-मीठ लावून मी तो लखलखीत ठेवते. रात्रभर त्यात ठेवलेलं पाणी आम्ही पितो, पाहुण्याला तेच देतो. गोडं पाणी म्हणजे याहून चांगलं कुठलं? स्वतःवर खूश होऊन मी रोज दोन-दोन तांबे त्या टाकीत ओतले. देवा, काय ही बुद्धी!

आठवड्यानं पहिली काचेवरून गळून पडली. पळीनं सुलटी केली, पुन्हा पडली. मग दुसरी, तिसरी. युनूसभाईंचा रोज सकाळी फोन. “अक्का, बठ्ठ्या ठीक शेतस ना?” आणि मी म्हणायचे, “हो हो, मस्त फिरताहेत.” जीभ कशी झडली नाही माझी! ते तिकडे डॉक्टरांच्या मागे लागले होते, सुट्टी द्या, घरी माझ्या चार जणी वाट बघतात. चौथी गेली त्या दिवशी, गोगलगायी आलेल्या थर्माकोलच्या खोक्यावर मुंबईच्या दुकानाचा नंबर होता, तो लावला. तिकडच्या माणसानं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “ताई, पाणी कोणत्या भांड्यातलं?” मी सांगितलं. तो म्हणाला, तांब्याचा अंश जरी पाण्यात उतरला तरी गोगलगायींना तो विषासारखा. म्हणजे युनूसभाई रोज तेच तांबं नखांतून घासून काढत होते, आणि मी ते हंड्याहंड्यानं ओतलं. मी त्यांच्या मोरीत जाऊन बसले आणि हमसून हमसून रडले.

नव्या चार आणून सोडाव्यात, असं मनात आलं नाही असं नाही. पण त्या माणसासमोर ते जमलं नसतं. सकाळची एसटी धरली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, काय बोलायचं ते काही सुचेना. दवाखान्यात युनूसभाई उशीला टेकून बसले होते, मला पाहून चेहरा फुलला. “अक्का! डॉक्टर म्हणाला, सोमवारी सोडतो!” मी त्यांचा हात धरला आणि सगळं सांगून टाकलं. हंडा, तांबे, फोनवरचं खोटं, सगळं.

त्यांनी मला शेजारच्या स्टुलावर बसवलं. मग विचारलं, “शेवटची कोणती गेली?” मी म्हटलं, टवका उडालेल्या शंखाची. “ती जुबेदाची लाडकी,” ते म्हणाले. माझे अश्रू थांबेनात, तर उलट तेच मला थोपटायला लागले. “तुम्ही काय विष दिलं का, अक्का? घरातलं सगळ्यात चांगलं पाणी दिलं. सांगायला मी हवं होतं. हात धूत राहिलो, बोललो नाही.” राग नाही, काही नाही. मी उठले तेव्हा त्यांनी पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं आणि हळूच म्हणाले, “मंग आते सुट्टीनी काही घाई नही.”

दोन दिवसांनी नसरीनचा फोन आला, आनंदात होती. “अक्का, काय जादू केलीत हो? अब्बा आता घरी जायचं नावच काढत नाहीत. डॉक्टरांशी भांडत नाहीत, गुपचूप पडून असतात.” सोमवार आला तसा गेला, आणि बुधवारी सकाळी युनूसभाई गेले.

खरं सांगितलं म्हणून ते गेले, की हृदय थकलंच होतं, कोण सांगणार? डॉक्टर म्हणतात, थकलंच होतं. नसरीन ईदला आली की माझ्याकडे येते, माझ्या पाया पडते आणि म्हणते, शेवटचे दिवस अब्बा किती शांत होते, तुमच्यामुळे. ते शांत का होते, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.