झुटफेनच्या छताचा डाग

आमचे मिस्टर, कमरुद्दीन परकार, अठ्ठावीस वर्षं अबू धाबीजवळच्या मुसफ्फात प्लंबर आहेत. इथल्या किती बिल्डिंगांचं पाणी यांच्या हातून चालू झालं, अल्लाला माहीत. पण कागदावर बघाल तर यांचं नाव कुठ्ठे नाही. गळती शोधणार हे, पाइप बदलणार हे, आणि खाली सही ठोकणार एसीत बसलेला इंजिनीअर. मला याचा भयंकर राग येतो. यांना येत नाही. "पाणी थांबलं ना? खलास," म्हणतात. इतका शांत माणूस नवरा म्हणून मिळाला, म्हणून दोघांच्या वाटणीचं मलाच भांडावं लागतं.

आमची नौशीन इथेच वाढली, शिकायला हॉलंडला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. झुटफेन नावाच्या गावात. गाव इतकं शांत, की पहिल्या व्हिडिओ कॉलला मला वाटलं फोनचा आवाजच गेलाय. तिथे तिला स्वतःचा फ्लॅट घ्यायचा होता, आणि तिला परवडणारे सगळे जुने, पन्नास-साठ वर्षांचे. तिकडची पद्धतही अजब. घर बघायला वीस मिनिटं देतात, मग प्रत्येकाने आपली बोली गुपचूप कळवायची. दुसऱ्याने किती लावली, कोणालाच पत्ता नाही. पाच वेळा पोरगी हरली. पाचव्यांदा फोनवर ढसाढसा रडली. तिच्या भाड्याच्या खोलीचा करार दोन महिन्यांत संपत होता, पुढे जायचं कुठे?

मग हा सहावा फ्लॅट निघाला. तिसरा मजला, मोठ्ठी खिडकी, खिडकीतून नदी. किंमत ऐकून हे मोठ्याने म्हणाले, "साडेआठ लाख दिरहम. म्हणजे दोन कोटी रुपये! तेवढ्यात आपल्या गावची अख्खी आळी येईल." पण नदी बघून मी तर वेडीच झाले. एकच खोट होती. स्वयंपाकघराच्या छताला परातीएवढा पिवळट डाग. लोक येत होते, मान वर करत होते आणि निघून जात होते.

शनिवारी दुपारी तिची घर बघायची वेळ होती. हे अर्धी सुट्टी टाकून, चष्मा पुसून फोनसमोर बसलेले.

"अब्बा, इट्स अ लीक," नौशीन म्हणाली. "सगळे म्हणतात, लीव्ह इट."

"सगळे प्लंबर आहेत काय?" मी विचारलं.

"हाफिजा, गप बस. नौशीन, फोन डागाजवळ ने. खुर्चीवर चढ."

तिथला एजंट, गोरा पोरगा, कोट-टाय घातलेला, तो घाबरलाच. पण आमची चढली. हे एकेक विचारू लागले. नखाने दाब, गिलावा सुटतो का? नाही सुटत. हाताच्या पाठीने बघ, गार लागतंय? नाही. कडेला तपकिरी रेघा किती आहेत? एक. नीट मोज. एकच आहे, अब्बा.

यांचा चेहरा असा खुलला, की मला आमचं लग्न आठवलं.

"रोज गळतं तिथे एकात एक गोल रेघा पडतात. इथे एकच. पाणी एकदा आलं, सुकलं, पुन्हा आलं नाही. वर कोण राहतं? जा, विचार. त्यांना स्वयंपाकघरातल्या मोरीत दहा मिनिटं पाणी सोडायला सांग."

"अब्बा! इथे कोणी असं जात नाही! अपॉइंटमेंट घेतात!"

"माणसंच आहेत ना? यल्ला, चल!"

एजंटने कपाळाला हात लावला. नौशीन वर गेली, खुर्चीवर ठेवलेला फोन छताकडे बघत राहिला, आणि आम्ही दोघं मुसफ्फात श्वास रोखून दोन कोटींच्या घराचं छत बघत बसलो. दहा मिनिटं. एक थेंब नाही. मग पोरगी धावत आली, धापा टाकत, हसत.

"अब्बा, वरच्या आजी म्हणाल्या, आठ वर्षांपूर्वी त्यांचं वॉशिंग मशीन फुटलं होतं. जस्ट वन्स! त्यानंतर कधीच नाही! आणि मला बिस्कीटपण दिलं!"

"घेऊन टाक," हे म्हणाले.

मी उठून नाचलेच. गुडघे दुखतात, तरी नाचले.

सोमवारी तिने बोली लावली. डागाला घाबरून बाकीचे पळाले होते. घर आमचं झालं! मी अजमानच्या नणंदेपासून रत्नागिरीच्या मावशीपर्यंत सगळ्यांना फोन केले. पुढच्या आठवड्यात तिथला सरकारमान्य तपासनीस मशीन घेऊन आला, भिंती-छत तपासून अकरा पानांचा रिपोर्ट दिला. नौशीनने वाचून दाखवलं: छत कोरडं, जुनी गळती, एकदाच झालेली.

"परत वाच," हे म्हणाले. तिने वाचलं. "आणखी एकदा."

चावी मिळाली त्या दिवशी तिने रिकाम्या घरातून कॉल लावला. नदी दाखवली, मोरी दाखवली, मग स्वयंपाकघर. डाग तसाच होता. त्याच्या खाली, भिंतीवर, तिने रिपोर्टचं शेवटचं पान चिकटवलं होतं. तपासनिसाची सही, आणि सहीच्या वर, सुट्टीत मी शिकवलेल्या वाकड्यातिकड्या मराठीत पेनाने लिहिलेलं: 'पहिली तपासणी – कमरुद्दीन परकार, प्लंबर, मुसफ्फा.'

"त्याच्या वर का लिहिलंस?" यांनी विचारलं.

"बिकॉज यू वेअर फर्स्ट, अब्बा."

फोन ठेवल्यावर हे मला म्हणाले, "आडनाव नीट आलंय ना गं?"

"आलंय," मी म्हटलं. तरी तिने पाठवलेला पानाचा फोटो मोठा करून स्वतः परत वाचत बसले.