बशीतल्या पेशी आणि ताईचा तळपाय

अख्ख्या राहुरी तालुक्यात आमच्या दाजींइतका अभद्र बोलणारा माणूस दुसरा नसेल, आणि तरी घरच्या प्रत्येक कार्याच्या यादीत पहिलं नाव मी त्यांचंच लिहितो. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. उभी नोकरी प्रयोगशाळेत गेली. झाडपाल्याचा अर्क काढायचा, काचेच्या बशीत वाढवलेल्या कातडीच्या कॅन्सरच्या पेशींवर घालायचा आणि किती मेल्या ते बघायचं. त्यामुळे माणूस भेटला की ते तोंडाकडे न बघता कातडीकडे बघतात. माझ्या मुलीला हळद लागत होती, तर भर मांडवात म्हणाले, "यातलं औषध पाण्यात विरघळत नाही. अंगात काही जायचं नाही, साडी तेवढी जाईल." विहीणबाईंनी वाटी खाली ठेवली. कोणी कडुनिंबाचं कौतुक केलं की ठरलेलं उत्तर, "बशीत फिनाईल ओतलं तरी पेशी मरतात. म्हणून पिता का?"

एकदाच ते हसत घरी आले होते. बिब्ब्याच्या अर्कानं बशी साफ झाली होती. "सगळ्या मेल्या," एवढंच ताईला सांगून जेवायला बसले. फिनाईलचं सांगायचं त्या आनंदात राहून गेलं.

गेल्या वर्षी ताईच्या तळपायावर काळा डाग उठला. भेगांना बिब्बा लावायची सवय, त्याचाही डाग काळाच. तिनं त्यावर पुन्हा बिब्बाच लावला, सात महिने, वर मोजा घालून. दाजींना कळू दिलं नाही. "डाग दावला असता तर त्यांचं तोंड बघवलं नसतं रे," मला म्हणाली, "आन बिब्ब्यानं मरत्यात म्हनून त्यांनीच सांगितलं हुतं." गावभरच्या कातड्या तपासणाऱ्या माणसाला घरचा पाय दिसला नाही. ती लंगडायला लागल्यावर मी फाईल केली आणि तिला नगरला नेलं. डागाचा तुकडा काढून तपासला, तर कातडीचा कॅन्सर. जांघेतली गाठही त्यातलीच निघाली. रिपोर्ट घेऊन दाजी दवाखान्याच्या पायरीवर बसले. "मी अर्धंच सांगितलं तिला," म्हणाले.

आता रोज सकाळी पाय मांडीवर घेऊन पट्टी तेच बदलतात. परवा गोळ्यांची नवी यादी भिंतीला लावायला गेलो, तेव्हा तिला सांगत होते, "दिवाळीला तू पळशील बघ." ते हात धुवायला आत गेले.

"हल्ली चांगलंच बोलत्यात," ताई म्हणाली. "लगीन झाल्यापासनं असं कवा बोलले न्हाईत." मग म्हणाली, "डाक्टरनी तुमाला काय सांगितलंय का रे?"

मी चिकटपट्टीचं टोक शोधत राहिलो.