बोलून दाखव

"जरा बोलून दाखव ना तुमच्या भाषेत," सर म्हणाले. "लाजतेस कसली?"

पनवेलजवळच्या एका कारखान्याची कॉन्फरन्स रूम. समोर मालक, त्यांचा मुलगा आणि मुंबईहून आलेले दोन प्राध्यापक. सर माझे पीएचडीचे गाइड. नव्या तंत्रज्ञानाने कंपन्यांची धोरणं कशी बदलतात, हा त्यांचा विषय. म्हणून माझाही.

"इथल्याच गावातली आहे ही," सरांनी पाहुण्यांना सांगितलं. "जमिनीचा मोबदला आला, बापाने कॉन्व्हेंटमध्ये घातली. पण घरी अजून हाय-नायच!"

मालकांचा मुलगा हसला. "प्लीज मॅडम. एकच वाक्य."

मी टेबलाकडे बघत राहिले. शाळेत मराठी बोललं की शिक्षा. घरी इंग्रजी बोललं की आजी म्हणायची, "आली मडम!" दोन्हीकडे गप्प राहायला मी शिकले होते. सरांना ते सोयीचं होतं. ते केबिनमध्ये मालकांबरोबर बसायचे, मला कॅन्टीनमध्ये कामगारांकडे पाठवायचे. माहिती मी आणायची. शोधनिबंधावर नाव त्यांचं.

कॉम्प्युटरवर चालणारं परदेशी मशीन घेतल्यामुळे हा कारखाना स्पर्धेत पुढे गेला, असं त्यांनी नुकतंच वाचून दाखवलं होतं. ते खोटं होतं. मी आधीच सांगितलं होतं त्यांना. "कॅन्टीनमधल्या गप्पांची थिअरी होत नाही," एवढंच म्हणाले.

"बोल गं." आता आवाजात हुकूम होता.

मी उभी राहिले.

"मशीन बंद हाय. चालवनारा गल्फला गेला. दुसऱ्याला कोनी शिकवलाच नाय. तुमच्यासारखं पावनं आलं का वरचा कापड काढतान. माल जुन्या लेथवरच निंगतो."

पहिल्या वाक्याला ते हसले. शेवटच्या वाक्याला कोणीच नाही. मालक सरांकडे बघत होते. मग तेच सगळं मी इंग्रजीत सांगितलं. सावकाश, मुंबईच्या पाहुण्यांकडे बघत.

जिन्यात सरांनी गाठलं. "माझ्या हाताखाली तुझी पीएचडी होणार नाही आता."

"तुमच्या हाताखाली नकोच आहे, सर."

गाइड बदलण्याचा अर्ज मी दिलाय. विद्यापीठात सगळीकडे त्यांची माणसं आहेत. वर्षं जातील. जाऊ देत. या पट्ट्यातला एकेक कारखाना मी पुन्हा बघणार. आधी मशीनजवळ जाणार, केबिनमध्ये नंतर. जे दिसेल तेच लिहीन, आणि त्यावर नाव माझं असेल.