ट्रंकेतला जबडा

"वहिनी, ही कवळी तुम्ही केलीत. आता तुम्हीच निस्तरा!"

कर्नल मोहित्यांनी रुमालातली कवळी माझ्या टेबलावर ठेवली. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. खरं सांगते, शेजारी त्यांची बायको सुनंदा उभी नसती, तर मी त्यांना ओळखलंच नसतं.

मी डेंटिस्ट. नवरा फौजेत, त्यामुळे जिथे बदली तिथे माझं क्लिनिक. नगरला मोहिते आमचे शेजारी. त्यांच्या खालच्या दाढा काढाव्या लागल्या, तेव्हा मी ही काढता-घालता येणारी कवळी केली होती. त्याला सहज दहा वर्षं झाली. आता आम्ही रिटायर होऊन चंदीगडजवळ झिरकपूरला, आणि तेही मुलाच्या नोकरीपायी इकडेच आलेले. मागच्याच महिन्यात चंडीमंदिर छावणीतल्या पार्टीत माझ्या नवऱ्याने त्यांना मिठी मारली होती; मी गेले नव्हते. "यार मोहिते, अगदी तस्साच आहेस!" फौजेत जुना माणूस भेटला की हे म्हणायचंच असतं.

कुठला तस्साच! नाक जाड, ओठ जाड, हनुवटी पुढे, आवाज पिंपातून आल्यासारखा.

"कुठे कुठे दाखवलंत?" मी विचारलं.

"कवळी तिघांनी घासून दिली. शुगर लागली, त्याचे डॉक्टर वेगळे. हात बधिर होतात, त्याचे वेगळे. घोरण्याला मात्र—"

"त्याला मीच आहे," सुनंदा म्हणाली. "पलीकडच्या खोलीत झोपते."

"सगळे म्हणतात, वय झालं."

"आणि बुटांचंही वय झालं का हो? नऊ नंबर होता, आता अकरा लागतो!"

वयाने केस जातात, दात जातात. पाय वाढल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. मी मोहित्यांच्या जबड्याचं माप घेतलं, प्लास्टरचा साचा ओतला आणि घरी फोन लावला. "अहो, ती काळी ट्रंक उघडा. नगरचे साचे घेऊन या."

बाकीचे डेंटिस्ट काम झालं की साचे टाकून देतात. माझ्याच्याने होत नाही. प्रत्येक बदलीत नवरा कुरकुरायचा, "लोक सोफे नेतात, आमची बाई लोकांचे दात नेते." त्या दिवशीही तो कुरकुरतच आला.

दोन्ही साचे शेजारी ठेवले. जुन्यावर कवळी, एवढी घासूनही, नीट बसली. नव्यावर ती डुगडुगायला लागली. जबडा रुंद झाला होता, आणि पुढच्या दातांत फटी पडल्या होत्या.

"तुझं माप चुकलं असेल," नवरा म्हणाला.

"माप बरोबर आहे. माणूस वाढलाय."

मेंदूच्या तळाशी पिच्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिच्यावर गाठ आली की वाढीचं हॉर्मोन नको त्या वयात सुटतं. मग जबडा, हात, पाय, जीभ हळूहळू वाढतात. या आजाराला अ‍ॅक्रोमेगाली म्हणतात. रोज बघणाऱ्याला ते दिसत नाही. नव्या डॉक्टरला वाटतं, चेहरा मुळातच असा असेल. आणि या ग्रंथीच्या अगदी वरूनच डोळ्यांच्या नसा जातात; गाठीने त्या दाबल्या की बाजूचं दिसेनासं होतं. म्हणून मी विचारलं, "गाडी कोण चालवतं?"

"हेच. गोल चौकात दोनदा ठोकली," सुनंदा म्हणाली.

"इथली पोरंच बेकार! बुलेट कुठून येते, कळतच नाही."

मी त्यांच्यासमोर बसले. "माझ्या नाकाकडे बघा. बाजूला बोटं हलताना दिसली की सांगा." आणि दोन्ही हात बाजूला धरले.

थोड्या वेळाने मोहिते म्हणाले, "वहिनी, हलवा ना बोटं."

मी कधीची हलवत होते. सुनंदाचा चेहरा उतरला.

मी ओळखीच्या हॉर्मोनच्या डॉक्टरांना फोन केला. "दातांच्या डॉक्टरला पिच्युटरी कुठे दिसली, मॅडम?" ते हसले. मी बोटांचं सांगितलं. हसणं बंद. "आजच एमआरआय करा. आणि गाडी त्यांच्याकडून काढून घ्या."

गाठ निघाली. कॅन्सर नव्हता, पण चांगली बोराएवढी होती. सर्जनने नाकातून ऑपरेशन केलं. ते स्पष्टच म्हणाले, "काही वर्षं आधी आला असतात तर सगळी निघाली असती. आता थोडी राहिली आहे, महिन्याला इंजेक्शन घ्यावं लागेल. अजून थांबला असतात तर मात्र डोळे गेले असते."

नजर बरीचशी परतली. शुगर उतरली. सुनंदा आपल्या खोलीत परत आली. जबडा तेवढा राहिला तसाच, वाढलेलं हाड काही परत जात नाही. नवी कवळी बसवताना मोहिते म्हणाले, "इतकी वर्षं मी हिलाच म्हणत होतो, तू बदललीस!"

"आणि मी ऐकून घेत होते," सुनंदा म्हणाली. हसता हसता तिने डोळे पुसले.

दोन्ही साचे नवऱ्याने स्वतः कागदात गुंडाळून ट्रंकेत ठेवले, या वेळी न कुरकुरता. हल्ली पार्टीत जुना कोणी भेटला की तो "तस्साच आहेस" म्हणत नाही. आधी बुटांचा नंबर विचारतो.