वेणूबाईंचा जुम्मा

वेणूबाई वर्गात यायच्या त्या हातात तांब्या घेऊन, आणि त्या तांब्यात काय असेल याचा कधी भरवसा नसे. कधी शिंपले, कधी झिंगे, कधी बेडकाची शेपटीवाली पोरं. एकदा त्यांनी तांब्यात एक काडी उभी करून ठेवली. काळपट, सहा पायांची, दिसायला अगदी ओंगळ अशी एक अळी पाण्यातून त्या काडीवर चढली, तिची पाठ उकलली आणि आमच्या डोळ्यांदेखत आतून ओलाचिंब चतुर बाहेर आला! त्याचे पंख वाळेपर्यंत वर्गात कुणी खोकलंसुद्धा नाही. मग तो खिडकीतून उडाला आणि आम्ही सगळ्या सतरंजी सोडून त्याच्यामागे अंगणात धावलो. सगळ्यांच्या पुढे बाईच होत्या.

ही गोष्ट नांदेडची, निजामाच्या राज्यातल्या शेवटच्या वर्षांतली. आमची मुलींची शाळा लहान होती आणि त्यातल्या वेणूबाई मूळच्या देगलूरकडच्या. लहानपणीच विधवा झालेल्या, पुढे हैदराबादेत शिकून मास्तरीण झालेल्या. अंगाने सडपातळ, लुगडं काळपट, आवाज मात्र नदीच्या पैलतीरावर पोचेल असा. शाळेला सुट्टी जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची. त्या दिवशी इतर मास्तरणी घरची कामं उरकत आणि वेणूबाई आम्हाला घेऊन सकाळीच गोदावरीवर जात. सुट्टीच्या दिवशी शाळा म्हटल्यावर कुणीही कुरकुर करील, पण आम्ही गुरुवारी रात्रीपासूनच परकर हाताशी काढून ठेवत असू.

घाटाच्या खालच्या अंगाला पूर ओसरल्यावर एक संथ डोह राही. तिथे गुडघाभर पाण्यात उतरायचं, दगड हळूच उलटायचा, खाली कोण राहतं ते बघायचं आणि दगड पुन्हा होता तसा ठेवायचा. "दुसऱ्याच्या घराचं छप्पर काढलंत, तर परत घालायला शिका," असं बाई बजावत. रंगारी जिथे कापड धूत त्याच्या वरचं पाणी एका तांब्यात आणि खालचं दुसऱ्या तांब्यात घेऊन त्यांनी आम्हाला दोन्हीकडचे रहिवासी शोधायला लावले होते. वरच्या तांब्यात नुसती जत्रा, खालच्यात दोन लालसर किडे. पाणी चांगलं की वाईट हे कोण तिथे राहायला तयार आहे त्यावरून ओळखायचं, हे मी त्या दिवशी शिकले आणि आजही कुठल्या नदीवर गेले की पहिला दगड उलटून बघते. लोक हसतात. हसू देत.

आणि बाईंचा एक शब्द होता, त्यांचा स्वतःचाच. कुणी काही सांगितलं की त्या विचारत, "हे ऐकीव की बघीव?" ऐकीव म्हटलं की मान हलवत. "मग जा, बघून ये. बघीव सांग."

हे सगळं असंच चाललं असतं, पण मला ताप आला. साधाच ताप, पण तो डोह साती आसरांचा. काठावर त्यांचे सात शेंदरी दगड होते. पाण्यातल्या या देवता कुवार पोरींना ओढून नेतात, असं घराघरांत सांगत. शेजारच्या काकू माझ्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आसरांनीच धरलंय." झालं! माझी आई शिकलेली नव्हती, पण बोलण्यात तिला कुणी हरवलेलं मी पाहिलं नव्हतं. मी बरी होताच ती चार बायकांना घेऊन शाळेत गेली आणि आमच्या मुख्याध्यापिकेसमोर उभी राहिली. त्या हैदराबादच्या, आम्ही त्यांना सदरसाहेबा म्हणत असू.

"पोरी पाण्यात घालून ही कसली शाळा हो?" आई कडाडली. "हे बंद करा, न्हाई तर सुमीचं नाव काढून टाका. आमची पोरगी आम्हाला लई झाली न्हाई."

मी आईच्या मागे उभी होते. आई बोलली की करणारच, हे मला पक्कं माहीत होतं. नदी बंद झाली नाही तर माझी शाळा जाणार, शाळा गेली की चुलीपुढे बसायचं आणि वर्ष-दोन वर्षांत लग्न. माझ्या दोन्ही बहिणींचं तसंच झालेलं होतं.

सदरसाहेबांनी वेणूबाईंना बोलावलं. "देखो बाई, माँवां नाराज हैं. जुम्मे को सब माँवां को नदी पे बुलाव. हव बोले तो चलाव, नक्को बोले तो बंद. मैं खुद आतूं." म्हणजे आयांनी 'हो' म्हटलं तरच नदी राहणार होती.

मला वाटलं, बाई आता वाद घालतील, आसरा-बिसरा काही नसतं म्हणतील. त्या आईजवळ आल्या आणि म्हणाल्या, "आसरांची ओटी भरायला पाहिजे, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी ही अशी, मला ओटी भरता येत नाही. तुम्ही सवाष्णी या. तुमच्या हातून होऊ द्या." ओटीला नाही कोण म्हणणार?

शुक्रवारी घाटाखाली ही गर्दी! खण, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या. सातही दगडांच्या ओट्या भरल्या. सदरसाहेबा बुरखा घालून, छत्री उघडून काठावर बसल्या होत्या. मग आम्ही पाण्यात उतरलो आणि एकेक जण आपापलं दाखवू लागली. शिंपला, खेकड्याचं बीळ, चतुराची अळी. बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या, पण आईचा चेहरा जसाच्या तसा. मी तिच्यासमोर अळी धरली तर म्हणाली, "शी! टाक ते." मला रडू यायला लागलं.

तेवढ्यात आमच्यातली एक जण ओरडली, "बाई, ते बघा!" पाण्यावर शेंदरी रंगाचा एक गोळा हलत होता. तो फुटायचा, पुन्हा जुळायचा. बारीक बारीक पिल्लं, शेकड्यांनी! आणि त्यांच्याखाली हातभर लांबीची काळी मरळ मासळी गोल गोल फिरत होती.

"पिल्लं राखून राहिली," बाई आनंदाने जवळजवळ किंचाळल्या.

"मग, आईच ती," माझी आई काठावरून म्हणाली. "राखणारच."

"आई कशावरून? बापही असेल."

"बाप?" आईने असा काही आवाज काढला की सगळ्या बायका खदखदल्या. "बाप कवा राखतो काय लेकरं?"

बाईंनी तिच्याकडे शांतपणे पाहिलं. "सुमीची आई, हे ऐकीव की बघीव?"

माझ्या आईला असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिचे कान लाल झाले. "बघीव पाहिजे व्हय? बघते मग!" असं म्हणून तिने लुगडं गुडघ्यावर खोचलं आणि सगळ्यांदेखत सरळ डोहात उतरली. दोन पावलं, चार पावलं. एकाएकी ती मोठ्याने ओरडली. काठावर एकच कालवा, "आसरा! आसरा!" शेजारच्या काकूंनी डोळेच मिटले.

आई नडगी चोळत होती आणि हसत होती. "धडक दिली की गं मला! मरळीनं! पिल्लांजवळ गेले म्हणून!" एवढं मोकळं हसताना मी तिला घरी कधीच पाहिलं नव्हतं.

मग ती हलेचना. मासा हवा घ्यायला वर येई, खाली जाई, आणि आई वाकून बघत राही. थोड्या वेळाने दुसरी मरळ दिसली. मग काय, यातली आई कोण नि बाप कोण? बायकांत वाद पेटला. दोघी आणखी पाण्यात उतरल्या. ऊन वर आलं. नमाजाची वेळ होत आली तशी सदरसाहेबा उठल्या आणि त्यांनी काठावरून विचारलं, "अव सुमी की अम्मा, बोलो ना! हव की नक्को?"

आईने मानही वळवली नाही. "थांबा हो बाई, बघून राहिले ना!"

सदरसाहेबा छत्रीआड हसल्या. "हव," त्या वेणूबाईंना म्हणाल्या आणि निघून गेल्या. वेणूबाईंनी मला उचलून गरकन फिरवलं. आम्ही दोघीही पडलो पाण्यात.

त्यानंतर आई दर जुम्म्याला येऊ लागली. बाईंशी तावातावाने भांडायची, घरी येऊन त्यांचंच कौतुक करायची. दुसऱ्या वर्षी बाईंचा तबादला झाला, थेट बिलोलीला. मोटारीत बसेपर्यंत त्या हसत होत्या. मोटार सुरू झाली आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. त्या मला पुन्हा कधी भेटल्या नाहीत. नव्या मास्तरणीला पाण्याची भीती वाटायची.

पहिल्या जुम्म्याला मी अंथरुणातून उठलेच नाही. आईने पांघरूण ओढलं. "रडून काय हुणार? बाई गेल्या, नदी न्हाई गेली. ऊठ." आणि ती गल्लीतल्या दारादारांत हाका मारत निघाली. शाळेत जाणाऱ्या पोरी आल्या, न जाणाऱ्याही आल्या. डोहात उतरून आईने पहिला दगड उलटला. खाली काहीतरी चपटं, बारीक वळवळत होतं. सगळ्या पोरी तिच्या तोंडाकडे बघू लागल्या. आईने वाकून ते निरखून पाहिलं.

"मला न्हाई माहीत गं हे काय हाय ते," ती शेवटी म्हणाली. "या, जवळ या. संगट बघू."

शनिवारी तिने शाळेत न जाणाऱ्यांतल्या दोन पोरींचे हात धरले आणि त्यांची नावं घालायला शाळेत गेली.