जूनमध्ये चालेल का

"पण पत्र माझ्या नावानं आलं होतं, अण्णा."

"उत्तरही तुझ्याच नावानं गेलं. खाली सही तुझी होती."

"कोऱ्या कागदावर केली होती मी सही. तारखांचं तेवढं विचारून घेतो म्हणालात."

"विचारलंच की. जूनमध्ये आलं तर चालेल का, एवढंच विचारलं."

अहल्येच्या हातातलं निळं पातळ पत्र मॉरिशसहून आलं होतं. त्यात चारच ओळी. आमचं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं, जूनपर्यंत थांबणं आम्हाला शक्य नाही, गणिताची जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली आहे, कळावे. तिनं ते उभ्यानंच वाचलं होतं आणि अजून ती बसली नव्हती.

घरातली इंग्रजी पत्रं तिचे वडील प्राणेशराव लिहीत. अहल्या बी.एस्सी. झाली, शाळेत शिकवू लागली, एकतिशीला आली, तरी ती रीत बदलली नव्हती. खाली तिनं सही करायची, वर त्यांनी आपल्या तिरक्या, देखण्या अक्षरात मजकूर भरायचा. आई गेल्यानंतर तर त्या दोघांच्या घरात एवढंच एक काम जोडीनं होई.

प्राणेशरावांनी चामराजपेटेतल्या शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. समुद्र पाहिला तो एकदाच, मद्रासला, धोतर गुडघ्यापर्यंत खोचून. पंचविशीत कोलंबोच्या एका शाळेनं त्यांना बोलावलं होतं. तेव्हा त्यांचे वडील भीमाचार्य पाटावरून न उठता म्हणाले, समुद्र ओलांडून आलास तर पंक्तीला तुझ्या शेजारी कोण बसेल ते आधी विचारून ये. प्राणेशराव कुणाला विचारायला गेले नाहीत. वाद तर त्यांनी घातलाच नाही. पुढच्या सोमवारी चामराजपेटेत रुजू झाले, आणि मग बेटांचं जे वेड लागलं ते सुटलं नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी जयनगरात घर बांधलं. रस्ते आखून झाले होते, घरं यायची होती. संध्याकाळी पडवीत बसलं की समोर नुसते खुंट मारलेले प्लॉट दिसत. पण सिलोनला, मालदीवला, फिजीला कुणी निघालं की त्यांचा पत्ता काढत तिथंही येई. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: बेट डोंगराळ की सपाट? डोंगराळ असेल तर वाऱ्याच्या अंगाला पाऊस, पलीकडे कोरडं. पोवळ्याचं सपाट बेट असेल तर पिण्याच्या पाण्याची चौकशी आधी. सिलोनवाल्याला ते सांगत, पाऊस कधी असं विचारू नका, कुठल्या किनाऱ्याला असं विचारा. कोलंबो मे-जूनमध्ये भिजतं, त्रिंकोमाली नोव्हेंबर-डिसेंबरात. पाणी उकळून प्या. पोवळ्यावर अनवाणी चालू नका, ती जखम चिघळते. देवीच्या लशीचा दाखला ट्रंकेत नको, खिशात ठेवा.

माणसं सगळं लिहून घेत, कॉफी पीत, पोचल्यावर कार्ड टाकतो म्हणत. इतक्या वर्षांत कार्डं आली दोन. पोस्टमन मात्र रोज दुपारी फाटकावरून पुढे जाई, आणि प्राणेशराव रोज त्या वेळेला पडवीत असत.

ऑक्टोबरात अहल्येची निवड झाली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांनाच झाला. शेजारच्या सोयराबाईंना त्यांनी आपण होऊन सांगितलं. पोरीसाठी हातानं नकाशा काढला. आग्नेयेकडून वारा येतो तो किनारा निळा रंगवला, मधलं पठार थंड म्हणून तिथं 'स्वेटर' असं लिहिलं. मग रुजू होण्याची तारीख नीट वाचली. दहा जानेवारी. त्या रात्री ते जेवले नाहीत. सकाळी साठ सालचं एक कात्रण काढून बसले: फेब्रुवारीतलं चक्रीवादळ, हजारो घरं जमीनदोस्त. जानेवारी ते मार्च कोण जातं तिकडे? जूनमध्ये हवा थंड, वारा सरळ. शिवाय शाळा जूनमध्येच उघडते. वर्षाच्या मध्यावर घाईनं बोलावण्यापेक्षा त्यांनाही तेच सोयीचं. विषुववृत्ताखाली उन्हाळा-हिवाळा उलटे होतात हे त्यांनी बत्तीस वर्षं फळ्यावर काढून दाखवलं होतं. तिथल्या शाळेची घंटाही वेगळ्या महिन्यात वाजत असेल, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

"मला कसं कळणार त्यांचं वर्ष जानेवारीत सुरू होतं ते?" आता ते म्हणाले.

"मला दाखवलं असतंत तर मी विचारलं असतं."

"स्वल्प शांत हो. वादळं काय मी तयार केली?"

"नाही. पण तिथं माणसं बारा महिने राहतात, अण्णा."

त्यावर ते पुढच्या वर्षाचं बोलू लागले. पुन्हा अर्ज करू, आत्ताच मसुदा करून ठेवतो, फिजीलाही शाळा आहेत, फिजीत तर... अहल्येनं पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"आजोबांनी तुमच्यापुढे शास्त्र काढलं," ती म्हणाली. "तुम्ही माझ्यापुढे भूगोल काढलात."

प्राणेशरावांचा हात टेबलावरच्या टाकापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. आपल्या बापाचं नाव कुणी त्यांच्यासमोर असं घेतलं नव्हतं. ते रागावतील असं तिला वाटलं. ते रागावले नाहीत, म्हणून तिचा आवाज खाली आला.

"मी भांडत नाही आता. एकच विचारते. खरं सांगितलंत तर पुन्हा हा विषय काढणार नाही, सरी? चालेल ना? ते जूनचं वाक्य लिहिताना तुमच्या डोळ्यासमोर वादळ होतं, की मी गेल्यावरचं हे घर?"

प्राणेशरावांनी खुंटीवरची काळी टोपी घेतली, डोक्यावर ठेवली, बोटानं सारखी केली. चपला घालताना एक सटकली. ती पायानं शोधली, अहल्येकडे न पाहता. मग पडवीच्या पायऱ्या उतरून, फाटक उघडं टाकून, प्लॉटांमधल्या रिकाम्या रस्त्यानं ते चालू लागले.